स्टॉक रिममध्ये मोठे ब्रेक कॅलिपर बसवायचेत? आधी रिम मोजा

मोठे कॅलिपर, म्हणजे पिस्टनने पॅड डिस्कवर दाबणारा ब्रेकचा भाग, घ्यायचे म्हटलं की लोक आधी रंग बघतात, मग पिस्टन किती ते बघतात, आणि हे आपल्या कंपनीच्या रिममध्ये मावणार का हा प्रश्न खोका उघडल्यावर पडतो. खरं तर उलट्या क्रमाने जायचं असतं. तुम्हाला रिम बदलायचे नाहीयेत ना, मग रिम जेवढी जागा देईल तेवढाच ब्रेक मोठा होणार, बाकी सगळं त्यानंतर. म्हणून या लेखात निम्मी मेहनत मापं घेण्यावर आहे आणि पाना हातात घ्यायचं काम बऱ्याच खाली येतं, कंटाळा आला तरी तो भाग गाळू नका.

एक अट आधीच सांगून टाकतो. ज्याने आजवर स्वतःच्या हाताने साधे ब्रेक पॅडसुद्धा बदललेले नाहीत त्याने हे काम पहिलंच काम म्हणून एकट्याने करू नये. आधी पॅड बदला, एकदा ब्रेक ऑइल बदला, हात बसू द्या, किंवा ज्याला येतं असा माणूस शेजारी उभा करा. गाडीत बाकी काही बिघडलं तर गाडी थांबते, ब्रेक बिघडला तर थांबत नाही, एवढा फरक आहे.

मोठ्या ब्रेकने नक्की काय मिळतं

गाडी थांबवतो टायर. कॅलिपर फक्त चाकाला थांबवतो. तुमच्या आत्ताच्या ब्रेकवर जोरात पाय मारला आणि एबीएस (चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) कडकड करायला लागला, म्हणजे ब्रेकमध्ये चाक लॉक करायची ताकद ऑलरेडी आहे, तिथे सहा पिस्टनचा कॅलिपर लावून त्या एका ब्रेकिंगचं अंतर काही कमी होणार नाही. ते कमी करायचं असेल तर चांगले टायर घ्या, कामही सोपं.

मोठ्या ब्रेकचा खरा फायदा उष्णतेत आहे. १४०० किलोची गाडी १०० च्या स्पीडवरून शून्यावर आणली की साधारण ५४० किलोज्यूल एवढी ऊर्जा ब्रेकमध्ये उष्णता होऊन उतरते, म्हणजे दीड लिटरपेक्षा जास्त पाणी गार असताना घेऊन उकळीला आणण्याइतकी, आणि ही सगळी काही सेकंदांत. स्पीड दुप्पट तर उष्णता चौपट. एकदा हे झालं तर छोटी डिस्क पण सहन करते, पण लांबलचक घाटउतार, ट्रॅक, किंवा भरलेली गाडी असेल तर ब्रेक मागून ब्रेक लागतो आणि डिस्कला गार व्हायला वेळच मिळत नाही, मग पॅड फेड होतात, म्हणजे तापून पकड सोडतात, ऑइल उकळतं आणि पेडल खाली जातं. तुमचा त्रास हा असेल तर मोठी डिस्क आणि मोठा कॅलिपर याचा उपयोग आहे. पण त्याआधी चांगल्या ग्रेडचे पॅड आणि ताजं ब्रेक ऑइल टाकून बघा असं मी म्हणेन, बऱ्याच जणांचं काम तिथेच होऊन जातं आणि बाकी लेख वाचायची गरज राहत नाही. फक्त दिसायला भारी वाटतं म्हणून करायचं असेल तरी हरकत नाही, पण मग निदान नीट करा.

पिस्टनचं गणित, सोपं आहे

जास्त पिस्टन म्हणजे जास्त ब्रेक असं काही नसतं. पिस्टनचं क्षेत्रफळ महत्त्वाचं. कंपनीचा कॅलिपर बहुतेक गाड्यांत सरकणारा असतो, त्यात आतल्या बाजूला एकच मोठा पिस्टन, आणि बाहेरचा पॅड कॅलिपरची बॉडी सरकून दाबला जातो. अपग्रेडवाले बहुतेक फिक्स असतात, दोन्ही बाजूंनी पिस्टन. दोघांची तुलना करताना फिक्स कॅलिपरची फक्त एकच बाजू मोजायची, इथे भरपूर लोक चुकतात, चारही पिस्टन मोजतात आणि डबल ताकद मिळाली म्हणून खूश होतात.

व्यासांचा वर्ग करा, बस. समजा कंपनीचा एकच ५४ एमएमचा पिस्टन आहे, ५४ गुणिले ५४ म्हणजे २९१६. नवा चार पिस्टनवाला आहे, त्यात एका बाजूला ३६ आणि ४० चा, तर १२९६ अधिक १६०० म्हणजे २८९६. जवळपास सारखंच. हा कॅलिपर तुमच्या मास्टर सिलेंडरला (पेडल दाबलं की ऑइलला दाब देतो तो), पेडलला आणि मागच्या ब्रेकला सगळ्यांना चालेल. आता दुसरा बघा, एका बाजूला ४४ चे दोन, बेरीज ३८७२, म्हणजे सुमारे ३३ टक्के जास्त. ऐकायला मस्त, पण तेवढे पिस्टन हलवायला ऑइलही तेवढंच जास्त लागणार, पेडल लांब जाणार, आणि पुढचे ब्रेक मागच्यांच्या मानाने इतके तगडे होणार की पुढची चाकं आधी लॉकच्या काठावर जातील आणि मागचे टायर त्यांच्या वाटचं कामच करणार नाहीत. ब्रेक मोठा आणि थांबायचं अंतर जास्त, असा उफराटा प्रकार होऊ शकतो. म्हणून क्षेत्रफळ कंपनीच्या आसपासच ठेवा, फायदा डिस्कच्या साइझमधून घ्या. आणि हो, डिस्क मोठी झाली की पुढचा जोर तसाही थोडा वाढतोच, त्यामुळे पिस्टन किंचित कमी असला तरी वाईट नाही.

आणखी एक गोष्ट, रेससाठी बनवलेल्या काही कॅलिपरना पिस्टनवर धूळ अडवणारं रबर नसतं. रोजच्या रस्त्यावर, चिखलापाण्यात ते चालवू नका, सील लवकर जातात. विकत घेताना हा प्रश्न स्पष्ट विचारा.

दोन रस्ते

पहिला रस्ता म्हणजे त्याच कंपनीच्या मोठ्या व्हेरियंटचे ब्रेक. एकाच मॉडेलमध्ये छोट्या इंजिनला छोटी डिस्क आणि मोठ्या इंजिनला मोठी असं खूपदा असतं आणि नकल, म्हणजे हब आणि कॅलिपर ज्यावर बसतात तो सस्पेन्शनचा भाग, तोच असतो, त्यामुळे बोल्टची भोकं जुळतात. चौथ्या पिढीची फोक्सवॅगन गोल्फ हे याचं नेहमीचं उदाहरण, २८८ एमएमच्या डिस्कवरून ३१२ वर जायचं तर ५४ एमएमचा कॅलिपर तोच ठेवून फक्त त्याचा कॅरियर (कॅलिपरला धरणारी चौकट) आणि डिस्क बदलली की झालं, आणि कंपनीच्या बहुतेक १६ इंची रिममध्ये ते बसतं. पिस्टन तोच, त्यामुळे पेडल तसंच राहतं, डिस्कचा काम करणारा रेडियस वाढल्याने साधारण १० टक्के जोर जास्त मिळतो आणि उष्णता घ्यायला लोखंड जास्त. पॅड कुठेही मिळतात. स्टॉक रिम ठेवणाऱ्या नवख्या माणसाने आधी हाच रस्ता शोधावा, दिसायला साधं असतं पण डोकेदुखी कमी.

दुसरा रस्ता म्हणजे तयार किट, म्हणजे कॅलिपर, डिस्क, ब्रॅकेट (कॅलिपर नकलला जोडणारा तुकडा), होज (ऑइलची लवचिक नळी), पॅड सगळं एका खोक्यात. यात तुमच्या गाडीसाठीच बनवलेला ब्रॅकेट हवा, थोडं घासून बसेल असं कुणी म्हणालं तर तिथून निघा. ब्रॅकेटवर ब्रेकचा सगळा जोर येतो. नावाजलेल्या कंपन्यांच्या कॅलिपरच्या हुबेहूब नकला सुद्धा बाजारात फिरतात, आणि रंग आणि लोगो सारखा असला म्हणजे आतलं कास्टिंग सारखं असतं असं नाही, म्हणून अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या, ब्रेकच्या बाबतीत स्वस्तात मस्त हा प्रकार नको.

मागचे ब्रेक सध्या हात लावू नका. तिथे हँडब्रेक येतो, कुठे इलेक्ट्रिक मोटर असते, ती सर्व्हिस मोडला टाकावी लागते, तो वेगळाच विषय आहे.

आणि ब्रेकमध्ये असा बदल केलेला तुमच्याकडच्या नियमांत चालतो का आणि इन्शुरन्सवाल्यांना कळवावं लागतं का ते पैसे देण्याआधी विचारून घ्या, नंतर नाही.

रिम मोजायचा

रिमवर १६ किंवा १७ लिहिलेलं असतं तो टायर जिथे बसतो तिथला व्यास. १७ इंच म्हणजे ४३२ एमएम. आतली मोकळी जागा त्याहून कमीच, कारण धातूची जाडी आहे आणि टायर चढवायला रिमच्या मधोमध जो खोलगट पट्टा दिलेला असतो तिथे रिम आत आलेला असतो. नेमका कॅलिपर त्या पट्ट्याखाली आला की संपलं. ३३० ची डिस्क ४३२ मधून वजा केली तर १०२ उरतात, म्हणजे एका बाजूला ५१, त्यात डिस्कवरून जाणारा कॅलिपरचा पूल, रिमची जाडी आणि मोकळी फट हे सगळं बसवायचंय. त्यामुळे १७ इंचात बसतं असं नुसतं ऐकून काही ठरत नाही, एका १७ इंची रिममध्ये बसलेला कॅलिपर दुसऱ्या १७ इंचीत अडतो, कारण ऑफसेट (हबला टेकणारा भाग रिमच्या मध्यापासून किती आत-बाहेर आहे ते) वेगळा, स्पोकचा आकार वेगळा, पट्टा वेगळ्या जागी.

जागा दोन दिशांनी लागते. एक वरची, कॅलिपरची पाठ आणि रिमचं आतलं गोल याच्यामधली. दुसरी बाजूची, कॅलिपरचं तोंड आणि स्पोकची आतली बाजू याच्यामधली. फिक्स कॅलिपरला बाहेरच्या बाजूलाही पिस्टन असतात, त्यामुळे तो बाहेर जास्त फुगतो, आणि स्टॉक रिममध्ये बहुतेक वेळा वरची जागा मिळते पण स्पोकला अडतो.

चांगल्या किटवाल्यांकडे कॅलिपरचा टेम्प्लेट असतो, एक ड्रॉइंग, ते खऱ्या मापात प्रिंट करायचं. प्रिंट झाल्यावर पट्टीने तपासा, ड्रॉइंगवर १०० एमएमची रेष असेल तर ती कागदावर १०० च भरली पाहिजे, प्रिंटर गुपचूप पानात मावेल असं छोटं करतो आणि तुम्हाला कळतही नाही. मग ते जाड पुठ्ठ्यावर चिकटवून धारदार कटरने कापा. चाक काढा, उपडं ठेवा म्हणजे हबला टेकणारा भाग वर येईल, आणि टेम्प्लेटची जी कड हबच्या पृष्ठभागाची आहे ती तिथे टेकवून मधल्या भोकाच्या सेंटरवरून पूर्ण गोल फिरवा. प्रत्येक स्पोकजवळ थांबून बघा. स्पोक सगळे सारखे दिसतात पण कास्टिंगमध्ये आतून कुठे जाड कुठे पातळ असतं, व्हॉल्व्हच्या जवळ तर हमखास.

पुठ्ठा पास झाला तरी मी त्यावर पूर्ण विश्वास ठेवणार नाही. कॅलिपर हातात आला की दुसरी तपासणी, पोरांची खेळायची माती घ्या, तिच्या छोट्या गोळ्या करून कॅलिपरच्या तोंडावर तीन-चार ठिकाणी आणि पाठीवर तीन-चार ठिकाणी चिकटवा, चाक लावा, नट हाताने आवळा आणि चाक हळूच एक पूर्ण फेरा फिरवा. चाक काढून चपट्या झालेल्या मातीची जाडी व्हर्नियरने मोजा, सगळ्यात पातळ जागा तीच तुमची खरी फट. निदान ३ एमएम तरी हवी. चालत्या गाडीत वळणावर रिम थोडा वाकतो, बेअरिंगला थोडी ढिलाई असते, कॅलिपर तापून थोडा फुलतो, त्यामुळे कागद जाईल एवढी फट असून भागत नाही. सरकणारा कॅलिपर असेल तर माप नवे पॅड लावूनच घ्या, कारण पॅड झिजले की बॉडी आत सरकते आणि स्पोकपासून लांब जाते, म्हणजे नव्या पॅडवर जागा सगळ्यात कमी असते.

रिमच्या आत चिकटवलेली बॅलन्सिंगची वजनं पण बघा. रिमची फट ४ एमएम आणि वजनाची जाडी ५ एमएम, तर तुम्हीच सांगा काय होणार.

आणि स्टेपनी! ती जवळजवळ सगळे विसरतात. स्टेपनीचा रिम खूप गाड्यांत एक इंच छोटा असतो किंवा पातळ स्टीलचा, तो मोठ्या कॅलिपरवर चढणारच नाही. पुढचं चाक पंक्चर झालं तर मागचं चांगलं चाक पुढे आणि स्टेपनी मागे असा दोन वेळा जॅक लावायचा उद्योग करावा लागेल. आत्ताच मापून ठेवा म्हणजे रात्री रस्त्यात शोध लागायला नको.

स्पेसर लावला तर?

स्पोकला २ एमएम कमी पडतात म्हणून ५ एमएमचा स्पेसर लावायचा, हा जुगाड चुकीचा नाही पण अर्धवट करू नये. स्पेसर हबच्या मधल्या भागावर घट्ट बसणारा हवा, नुसती भोकं पाडलेली चकती नको. आणि स्पेसर जेवढा जाड तेवढे नटाचे आटे कमी लागतात. साधा हिशोब असा की बोल्ट जेवढा जाड तेवढी लांबी तरी आट्यात गेली पाहिजे, १२ एमएमचा बोल्ट आणि १.५ एमएमचा पिच (दोन आट्यांमधलं अंतर) असेल तर ८ पूर्ण फेरे. नट हाताने फिरवून फेरे मोजा. कमी भरले तर लांब स्टड किंवा लांब बोल्ट घ्या, होईल रे असं म्हणून सोडू नका. स्पेसरने फक्त बाजूची जागा वाढते, वरची नाही हेही लक्षात ठेवा. कॅलिपर किंवा रिम ग्राइंडरने घासून जागा करणे हा पर्यायच नाही.

सामान आधी जमवा

जॅक आणि दोन मजबूत स्टँड, नुसत्या जॅकवर गाडी ठेवून काम करायचं नाही. चाकांना लावायला लाकडी ठोकळे. टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरानेच आवळणारा पाना), ब्रेक पाईपच्या नटाला बसणारा खास पाना कारण साध्या पान्याने त्याचे कोपरे गोल होतात, तारेचा ब्रश, ब्रेक क्लीनर, पारदर्शक नळी आणि बाटली, चष्मा, हातमोजे. बँजो बोल्टचे (होज कॅलिपरला जोडणारा पोकळ बोल्ट) तांब्याचे वॉशर नवे, दर बोल्टला दोन, जुने परत वापरायचे नाहीत. ब्रेक ऑइलचा सीलबंद डबा, गाडीच्या झाकणावर जो डॉट नंबर आहे तो. डॉट ४ नवं असताना निदान २३० डिग्रीला उकळतं आणि पाणी शोषल्यावर ही हद्द १५५ पर्यंत येते, म्हणून उघडा पडलेला जुना डबा नको. डॉट ५ हे सिलिकॉनचं असतं, ते बाकीच्यात मिसळत नाही, डॉट ५.१ वेगळं, नावं सारखी आहेत म्हणून गल्लत करू नका.

गाडीचं सर्व्हिस मॅन्युअल आणि किटचा कागद दोन्ही समोर ठेवा, टॉर्कचे आकडे तिथूनच घ्यायचे. मी इथे आकडा देत नाही कारण दर गाडीला वेगळा असतो.

आता काम

सपाट पक्की जागा, मागच्या चाकांना ठोकळे, हँडब्रेक ओढलेला. चाकांचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करा, मग जॅक, मग स्टँड, मग गाडी हाताने हलवून बघा, डुगडुगली तर परत लावा. काढलेली चाकं गाडीखाली सरकवून ठेवली तर आणखी एक आधार.

ब्रेकचा पाईप अजून उघडायचा नाही. आधी जुना कॅलिपर होजसकट काढा आणि तारेने सस्पेन्शनच्या स्प्रिंगला टांगा, होजवर लोंबकळू देऊ नका, होज आतून फाटतो आणि बाहेरून कळत नाही. आता या स्थितीत नवं सगळं कोरडं बसवून बघायचं, कारण इथपर्यंत काही अडलं तर अर्ध्या तासात गाडी जशी होती तशी परत करता येते, एकदा पाईप उघडला की मग ती सोय गेली.

जुनी डिस्क काढली की हबचा चेहरा तारेच्या ब्रशने चकचकीत करा. कंटाळवाणं काम, पण इथे गंजाची एक पापडी राहिली तर डिस्क वाकडी बसते आणि पुढे काही हजार किलोमीटरने पेडल थरथरायला लागतं, मग लोक म्हणतात डिस्क वाकली. डायल गेज (डिस्क किती डुलते ते मोजणारं घड्याळासारखं साधन) असेल तर नवी डिस्क नट लावून दाबून ठेवा आणि तिच्या कडेजवळ लावून फिरवा, मॅन्युअलमध्ये हद्द दिलेली असते, ती एमएमच्या शंभराव्या भागांत असते. मोठी डिस्क मागच्या पत्र्याच्या कव्हरला घासली तर कव्हर कापा किंवा मागे वाकवा. नव्या डिस्कवर गंज लागू नये म्हणून तेल असतं, ब्रेक क्लीनरने दोन्ही बाजू पुसा, फडका काळा येईपर्यंत नाही तर स्वच्छ येईपर्यंत. डिस्कवर डावी उजवी अशी खूण असेल तर ती पाळा, वरच्या चरांवरून अंदाज बांधू नका, दिशा ठरते ती आतल्या हवेच्या पात्यांवरून.

ब्रॅकेट नकलला लावा, बोल्ट हाताने निम्मे आत गेले पाहिजेत, पहिल्या आट्यालाच अडला तर तिरका लागलाय, काढा आणि परत लावा, अॅल्युमिनियमचे आटे एकदा गेले की काम वाढलं. कॅलिपर चढवा. आता डिस्क कॅलिपरच्या बरोबर मध्ये आहे का बघा, आतून आणि बाहेरून दोन्हीकडे कॅलिपरच्या बॉडीपासून डिस्कपर्यंतची फट मोजा. फरक असेल तर किटबरोबर शिम, म्हणजे पातळ चकत्या, येतात, त्या किटच्या कागदात सांगितलेल्या जागी घालून जुळवा. फिक्स कॅलिपर स्वतः सरकत नाही, त्यामुळे ही जुळवणी चुकली तर एका बाजूचे पिस्टन कायम जास्त बाहेर राहणार आणि पॅड तिरपे झिजणार.

डावा उजवा ओळखायची खूण म्हणजे हवा काढायचा निपल, तो गाडीवर लावल्यावर वर आला पाहिजे. खाली आला म्हणजे अदलाबदल झाली, आणि हवा वर जात असल्याने तुम्ही दिवसभर पंप केला तरी ती निघणार नाही. पिस्टन दोन साइझचे असतील तर छोटा पिस्टन त्या बाजूला जिकडून फिरती डिस्क पॅडमध्ये शिरते.

मग पॅड घाला, चाक लावा, मातीची तपासणी करा. स्टीअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून चाक फिरवून बघा. ठीक असेल तर चाक काढा, ब्रॅकेटचे आणि कॅलिपरचे बोल्ट मॅन्युअलच्या किंवा किटच्या टॉर्कला आवळा, जिथे थ्रेड लॉकर (बोल्ट सैल होऊ न देणारा चिकट द्रव) लिहिलंय तिथे लावा, आणि आवळून झालेल्या बोल्टवर मार्करने एक रेष ओढा, नंतर सरकला का ते नजरेला कळतं.

पाईप आणि हवा

पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा म्हणजे ते तळापर्यंत जाणार नाही, जुन्या मास्टर सिलेंडरचं सील नेहमी न वापरलेल्या भागात गेलं की कापलं जाऊ शकतं. ब्रेक ऑइल रंग खातं, फेंडरवर ओला फडका टाका, सांडलं तर लगेच पाण्याने धुवा. आता जुना होज सोडा, नवा लावा, बँजोच्या दोन्ही बाजूंना नवे वॉशर. होज पिळलेला नको. स्टीअरिंग पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे, चाक लोंबकळत असताना आणि नंतर सस्पेन्शन दबलेलं असताना, चारही वेळा होज ताणत नाही आणि कशालाही घासत नाही ना ते बोट फिरवून बघा.

हवा काढताना वरच्या टाकीतलं ऑइल कधीही तळाला जाऊ देऊ नका. तिथून हवा ओढली गेली आणि एबीएसच्या युनिटमध्ये शिरली तर काही गाड्यांत ती स्कॅनर लावल्याशिवाय निघत नाही. एक जण पेडलवर, एक निपलपाशी. निपलवर पारदर्शक नळी, तिचं दुसरं टोक बाटलीतल्या थोड्या ऑइलमध्ये बुडवलेलं. बोलणं ठरवून घ्या. "दाब." "दाबलं, धरलंय." मग निपल पाव फेरा उघडायचा, नळीतून पांढरट फेस आणि बुडबुडे जातील, निपल बंद करायचा, आणि मगच "सोड" म्हणायचं. बंद करायच्या आधी पाय सुटला तर बाहेरची हवा परत आत, सगळी मेहनत वाया. नळीत सलग ऑइल दिसेपर्यंत चालू ठेवा. बऱ्याच फिक्स कॅलिपरना आत आणि बाहेर असे दोन निपल असतात, तिथे दोन्हीतून हवा काढायची. कॅलिपरला रबरी हातोडीने हलके टकटक केलं की कोपऱ्यात अडकलेले बुडबुडे सुटतात. कुठलं चाक आधी हे मॅन्युअल सांगेल, सगळ्या गाड्यांना एकच क्रम लागू नाही.

झालं की इंजिन बंद ठेवून पेडल दाबा, कडक लागलं पाहिजे. अर्धा मिनिट दाबून धरा, खाली खाली जात असेल तर कुठेतरी गळतंय किंवा मास्टर सिलेंडर गेलाय. पाय तसाच ठेवून इंजिन सुरू करा, पेडल थोडंसं खाली जाईल आणि परत कडक, हे बरोबर आहे. स्पंजी वाटलं तर अजून हवा आहे, चालवून बघू असं करू नका, परत निपलपाशी जा. सगळे जोड कोऱ्या कागदाने पुसून बघा, कागदावर ओलं येता कामा नये.

चाकं लावून नट चांदणीच्या क्रमाने, गाडी जमिनीवर आल्यावर टॉर्क रेंचने.

पहिली फेरी आणि पॅड बसवणं

आधी गाडी जागेवरच दोन फूट पुढे मागे करा, ब्रेक लागतो का बघा. मग मोकळ्या जागेत चालण्याच्या वेगाने. खिडकी उघडी, रेडिओ बंद, रिमला काही घासल्याचा आवाज येतो का कान देऊन ऐका, वळवताना विशेष.

सुरुवातीला ब्रेक कमी वाटणार, घाबरू नका, पॅड आणि डिस्क अजून एकमेकांना लागलेले नाहीत. मोकळा रस्ता बघून, मागे कोणी नाही याची खात्री करून, ६० च्या आसपास स्पीड घ्या आणि मध्यम जोराने १५ पर्यंत आणा, पूर्ण थांबू नका, परत ६०, असं आठ-दहा वेळा. पॅडच्या कंपनीने वेगळी पद्धत दिली असेल तर तीच करा. वास येईल, थोडा धूर पण येऊ शकतो. नंतर दहा पंधरा मिनिटं शक्यतो ब्रेक न लावता गाडी चालवत ठेवा म्हणजे सगळं सावकाश गार होईल. गरम डिस्कवर पाय दाबून उभं राहिलात तर पॅडचा थर एकाच जागी छापला जातो आणि पुढे तीच थरथर.

घरी आल्यावर डिस्कवर हात लावून बघायचा मोह आवरा. गार झाली की बघा, दोन्ही बाजूंना एकसारखा निळसर करडा थर आला पाहिजे, कुठे चकचकीत पट्टा राहिला असेल तर पॅड तिथे टेकत नाहीये.

दुसऱ्या दिवशी सकाळी जोड आणि टाकीची लेव्हल बघा. साधारण १०० किलोमीटरनंतर चाकांचे नट परत टॉर्कला तपासा, मार्करच्या रेषा बघा, आणि रिमच्या आतून टॉर्च मारून कुठे घासल्याचा चट्टा पडलाय का ते शोधा. जुने कॅलिपर, बोल्ट आणि डिस्क फेकू नका, गाडी विकताना लागतात.

आणि पुढच्या वेळी टायर बदलायला गेलात की तिथल्या माणसाला मशीनवर चाक चढवायच्या आधीच सांगा की चिकटवायची वजनं कॅलिपरच्या वरच्या पट्ट्यात लावू नको, एकदम आतल्या कडेला लाव, आणि नुसतं सांगून गाडीत जाऊन बसू नका, चाक लावताना शेजारी उभं राहून एक फेरा हाताने फिरवून बघा, मगच नट आवळू द्या.